बसलेल्या तारांची नोंद

१९७४ सालच्या मार्च महिन्यातला दुसरा शनिवार, दुपारचे सव्वातीन. प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये तांब्याच्या दोनशे चौदा बारीक तारांची नोंद होती. खोलीत आम्ही तिघे हजर होतो: सर, बाहेरगावहून आलेले त्यांच्या प्रबंधाचे मार्गदर्शक प्राध्यापक, आणि सरांचा मदतनीस मी. शिपाई दौलत चहाचे ग्लास घेऊन उंबऱ्याशी उभा होता. आमच्या खोलीत पायातलं काढल्याशिवाय कोणाला प्रवेश नव्हता, आणि दोन्ही हातांत ग्लास असल्यामुळे त्याला बुटांच्या नाड्या सोडता येत नव्हत्या. म्हणून त्याला मी हजर धरत नाही.

मार्गदर्शक वयाने सरांपेक्षा बारा वर्षांनी लहान होते. त्यांनी रजिस्टर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं आणि म्हणाले, की इतकं स्वच्छ रजिस्टर त्यांनी कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिलेलं नाही. सव्वा वर्षाच्या नोंदी आणि एकही खाडाखोड नाही. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याच्या भरात मी बोललो.

"सर, जी तार लागते तीच मी लिहितो. बसलेल्या लिहीतच नाही. मग खाडाखोड कुठून होणार?"

मार्गदर्शकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, की बसलेल्या म्हणजे कोणत्या, आणि अशा किती असतील. मी म्हणालो, मोजल्या नाहीत, सत्तर तरी असतील, नव्वदही असू शकतील. त्या कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दर शनिवारी टेबल पुसताना झाडून टाकतो.

सर खिडकीकडे पाहत होते. त्यांच्या सात वर्षांच्या कामाची मी काय अवस्था केली आहे, हे त्या खोलीत मला सोडून सगळ्यांना कळलं होतं. दौलतलाही काहीतरी कळलं असावं, कारण तो चहा घेऊन परत गेला.

हे काम काय होतं ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय सर कळणार नाहीत.

तांब्याचा एक क्षार पोर्सेलिनच्या लहानशा होडीत ठेवून, हायड्रोजन वायू सोडत, नळीच्या भट्टीत तापवला की होडीच्या काठांवर तांब्याचे केस उगवतात. उगवतात हाच शब्द बरोबर आहे. ते ओढून किंवा घडवून केलेले नसतात, आपले आपण वाढतात, सरळ आणि चकचकीत. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. डोक्याचा एक केस उभा चिरून त्याचे सात केले तर त्यातल्या एकाएवढी. सर नरखेड तालुक्यातले, संत्र्याच्या बागायतदाराच्या घरचे. भट्टी लावण्याला ते पेरणी म्हणत आणि होडी बाहेर काढण्याला काढणी. सोमवारी सकाळी आत येताच त्यांचा पहिला प्रश्न असे, "कसं आहे गा पीक?"

या केसांना ताणून पाहणारे लोक जगात इतरत्र होते. सरांना ते दाबून पाहायचे होते. ताणलेली तार तुटते, त्यात पाहण्यासारखं काय आहे, असं त्यांचं मत होतं. दाबलेल्या तारेला मात्र निवड करावी लागते. लांब असेल तर ती मधूनच बाजूला वाकते. सर म्हणत, ती बगल देते. वजन काढलं की पुन्हा सरळ, जसं काही घडलंच नाही. पण तुकडा आखूड केला, मिलिमीटरचा दहावा भाग वगैरे, तर बगल द्यायला तिला जागा राहत नाही. मग ती सोसत राहते, सोसत राहते, आणि एका क्षणी पत्त्यांची गड्डी सरकावी तशी एका तिरक्या रेषेत घसरते. याला आम्ही 'बसली' म्हणायचो; पण रोजच्या बोलण्यात चांगलं वजन घेऊन मग बसणारी ती 'लागली', आणि लवकर बसणारी तीच 'बसली'. साधं तांबं तेवढ्याच जाडीचं घेतलं असतं तर ते अर्ध्या ग्रॅमला बसलं असतं. आमचे केस अडीच-तीन ग्रॅम सहज घेत. दोनशे चौदा तारांची सरासरी साध्या तांब्याच्या सव्वापाच पट येत होती. सरांचं म्हणणं असं, की वस्तू जितकी बारीक तितक्या तिच्या पोटात खोटी, म्हणजे दोष, कमी, म्हणून ती जास्त सोसते. सव्वापाच हा आकडा त्यांच्या प्रबंधाचा कणा होता. सरांची विद्यापीठातली नोंदणी तीस जूनला संपत होती, आणि पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते.

दाबण्याचं यंत्र त्यांनी स्वतः केलं होतं. रसायनशास्त्र विभागाने काढून टाकलेला एक काचेच्या पेटीतला तराजू त्यांनी आणला, डाव्या पारड्याऐवजी काचेची चकती बसवली, तिच्यावर लाखेच्या थेंबात तारेचा तुकडा उभा करायचा, वर काचेची दांडी पक्की. उजव्या पारड्यात मिलिग्रॅमची वजनं टाकत गेलं की डावी बाजू वर उचलली जाते आणि तार दांडीवर दाबली जाते. बाजूने आडवा लावलेला सूक्ष्मदर्शक. सर त्याला डोळा लावून बसत, मी चिमट्याने वजनं टाकत असे. श्वासानेसुद्धा पारडं हलतं म्हणून दोघांच्या तोंडाला पंचा बांधलेला. कूलर बंद, पंखा बंद. दौलत नवीन लागला तेव्हा पहिले काही दिवस त्याचा समज झाला, की हे देवाचं काहीतरी आहे. काचेची पेटी, आत दिवा, तोंड बांधून बसलेली दोन माणसं. एका गुरुवारी तराजूसमोर शेवंतीचं फूल ठेवलेलं सापडलं. सरांनी त्याला बोलावून सूक्ष्मदर्शकातून तार दाखवली. फूल मात्र त्यांनी उचललं नाही, सुकेपर्यंत तिथेच राहू दिलं.

दाबण्याचं वेड त्यांना कुठून लागलं हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. संत्र्याचा बहार भरात आला की फांद्या जमिनीला टेकतात, म्हणून खालून बांबूचे टेकू देतात. लहानपणी त्यांच्या वडिलांनी त्यांना टेकू मोजायला लावलं होतं. मोजता मोजता त्यांच्या लक्षात आलं, की लांब टेकू वाकतात आणि टिकतात, आखूड टेकू वाकत नाहीत पण एखाद दिवशी गाठीतून फुटतात. वडिलांना जाऊन सांगितलं, "बाबा, टेकू मोडला." वडील म्हणाले, मोडला ते मलाही दिसतं, कसा मोडला ते पाहून ये.

ते वाक्य पुढे त्यांचं स्वतःचं झालं. वर्गात कोणाची काच फुटो, सायकलचा आरा तुटो, खुर्चीचा पाय जावो, त्यांचं एकच. "मोडलं ते मले नको सांगू. कसं मोडलं ते सांग." पोरं त्यांची नक्कल करत. एकदा एक मुलगा परीक्षेत नापास झाल्याचं सांगायला रडत आला तेव्हाही ते हेच म्हणाले, आणि पुढे दोन तास त्याच्या उत्तरपत्रिकेतल्या चुका कशा झाल्या ते त्याच्याबरोबर बसून पाहत होते.

उभी वस्तू दिसली की तिला वरून दाबल्याशिवाय त्यांना राहवत नसे. टेबलावर पट्टी उभी धरून बोटाने दाबणार, ती वाकली की मान डोलावणार. धरमपेठेत माझ्या मेव्हणीच्या लग्नाला आले तर आहेर देण्याआधी त्यांनी मांडवाचे सगळे बांबू हलवून पाहिले आणि माझ्या सासऱ्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की ईशान्येचा तिसरा बांबू बगल देणार आहे. सासऱ्यांना वाटलं, हे ज्योतिषी आहेत. त्यांनी तो बांबू बदलला, आणि वर सरांना नारळ दिला. सरांनी नारळ घेतला. समजावून सांगण्यात वेळ गेला असता, जेवणं सुरू झाली होती.

नंदनवनमध्ये त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. उन्हाळ्यात काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, हाताच्या शेवया करून गच्चीवर वाळायला घातल्या की सर त्यातल्या सरळ सरळ निवडून आणत. एका रविवारी मी गेलो तर स्वयंपाकघरातला वजनकाटा समोर, मिठाची बरणी बाजूला, आणि वेगवेगळ्या लांबीच्या शेवयांची रांग जमिनीवर. काकू दारात उभ्या होत्या.

"भाऊ, तुम्हीच सांगा तुमच्या सरले. शेवया खाच्या असतात का दाबाच्या?"

सर मान वर न करता म्हणाले, "खातो ना वं. आधी पाहू तं दे." मग मला म्हणाले, की चार बोटांची शेवई बगल देते, नखाएवढी देत नाही, तिचा सरळ चुरा होतो, धातू घसरतो, पीठ घसरत नाही. काकूंनी चुरा गोळा करून त्याची खीर केली. ती आम्ही तिघांनी खाल्ली. सरांनी खाताना विचारलं, की खिरीत लांब तुकडे का नाहीत. काकू म्हणाल्या, "लांब तुमच्या रजिस्टरात गेले."

आता माझ्या चुकीबद्दल.

प्रयोगशाळेत लागण्याआधी मी साडेतीन वर्षं एका जिनिंग कारखान्याच्या कचेरीत कापसाच्या गाठींचं रजिस्टर लिहीत होतो. तिथला नियम असा होता, की गाठ गाडीवर चढल्याशिवाय शाईने नोंद करायची नाही. आधी नोंद केली आणि गाठ परत उतरवली गेली तर नोंद खोडावी लागते, आणि खोडलेली नोंद म्हणजे गाठ चोरीला गेल्याचा संशय. हिशेबनीस पान उजेडाकडे धरून खोडल्याच्या खुणा शोधत. त्या भीतीने मी शिकलो, की आधी पाटीवर लिहायचं, काम पुरं झालं की शाई, नाही झालं तर पाटी पुसायची. साडेतीन वर्षांत माझ्या रजिस्टरमध्ये एकही खोडलेली ओळ नव्हती. याच गोष्टीवर मला प्रयोगशाळेतली नोकरी मिळाली होती.

इथेही मी तेच केलं. तार लावली की पाटीवर तिची लांबी, जाडी. दाब घेऊ लागली, एक ग्रॅमच्या पुढे गेली, की ती गाडीवर चढली असं माझ्या मनाने धरलं. त्याआधीच बसली की ती उतरलेली गाठ. लाख नीट लागली नसेल, चिमट्याने ओरखडा आला असेल, तार मुळातच वाईट असेल. पाटी पुसली. सर सूक्ष्मदर्शकातून पाहतच असत. ते म्हणत, "बसली. दुसरी लाव." मी दुसरी लावत असे. महिन्याच्या शेवटी सरासरी काढून मी त्यांना कागद देत असे, आणि ते त्या कागदावरून आलेख काढत.

म्हणजे सरासरी फक्त चांगल्या तारांची होती. चांगल्याच तारा निवडून त्यांना मजबूत म्हणायचं. हे मी लिहितोय तितकं सोपं आहे, आणि सव्वा वर्षात ते आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मार्गदर्शक चांगले गृहस्थ होते. रजिस्टर मिटून त्यांनी एक मार्ग सुचवला. प्रबंधात तळटीप द्यावी, की चाचणीसाठी निर्दोष नमुने निवडले आहेत. तसं पुष्कळ जण करतात, त्यात खोटं काही नाही. सही करायला ते तयार होते. जूनच्या आत प्रबंध जाईल. सरांनी त्यांचे आभार मानले, त्यांना रिक्षापर्यंत सोडून आले, चपला काढल्या आणि आपल्या स्टुलावर बसले.

मी म्हणालो, की चूक माझी आहे, मी लेखी देतो.

"तू काय लेखी देतं," सर म्हणाले. "मी डोळ्यानं पाहून राहिलो होतो ना. बसली म्हणून मीच सांगून राहिलो होतो."

मी म्हणालो, की तळटिपेने भागतं आहे तर भागवावं.

त्यांनी पट्टी उचलली, टेबलावर उभी धरली, पण दाबली नाही, तशीच आडवी ठेवून दिली.

"साऱ्या दुनियेले विचारत फिरलो, कसं मोडलं ते सांग म्हणून. आन् माह्याच टेबलावर ज्या मोडल्या त्यायले नाही विचारलं. त्यायची गिनती कोण करन गा?"

त्या दिवशी त्यांनी रजिस्टरमध्ये दोनशे चौदाव्या नोंदीखाली लाल शाईने एक आडवी रेघ मारली, तारीख घातली आणि लिहिलं: 'वरील सर्व नोंदी अपुऱ्या. विचारात घेऊ नयेत.' खाली सही केली आणि मलाही करायला लावली. सात वर्षांपैकी पावणेसहा यंत्र करण्यात आणि केस उगवायला शिकण्यात गेली होती. ती वाया गेली नव्हती. पण मोजमाप म्हणून हातात जे काही होतं ते त्या रेघेच्या वर गेलं. रेघेच्या खाली त्यांनी एक हा आकडा घालून पुन्हा सुरुवात केली. त्या पानाइतकं खराब पान माझ्या हातून कधी झालेलं नव्हतं.

नियम नवीन झाले. तार लाखेत उभी राहिली की लगेच शाईने क्रमांक. पुढे तिचं काहीही होवो, ओळ पुरी करायची. पाटी त्यांनी घरी नेली. काकूंनी तिच्यावर दुधाचा हिशेब मांडायला सुरुवात केली. बसलेली प्रत्येक तार काचपट्टीवर घेऊन, क्रमांक टाकून, ट्रेमध्ये ठेवायची. आणि रकान्यात कशी बसली ते शब्दांत लिहायचं. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून सव्वीस नंबरची तार फुंकरीने उडून गेली. मी सवयीने पुढच्या तारेला सव्वीस घालणार होतो. सरांनी नुसतं माझ्या हाताकडे पाहिलं. मी लिहिलं: 'सव्वीस, उडाली, माझ्या श्वासाने.'

एप्रिल उजाडला तसा दुसरा प्रश्न आला. त्या खोलीला पत्र्याचं छप्पर होतं. दुपारी आत त्रेचाळीस, चव्वेचाळीस अंश. कूलर लावावा तर वाऱ्याने तार बाजूला ढकलली जाते आणि वेळेआधी बगल देते. न लावावा तर लाख मऊ पडते आणि तार मुळाशी कलते. त्या वर्षी विभागातले सगळे दुपारी तळघरातल्या भांडारात जाऊन बसत. सरांनी वेळच बदलली. पहाटे पाचला यायचं, नऊला थांबायचं. ते नंदनवनातून सायकलवर येत, मी महालातून पायी. पहाटेच्या चार तासांत तीन तारा झाल्या तर दिवस चांगला. कधी एकही होत नसे. एका दिवशी सरांना उन्हाचा त्रास होऊन ताप चढला. दुसऱ्या दिवशी काकूंनी सायकलीला कुलूप लावून किल्ली पदराला बांधली. सर पायी आले. पावणेदोन तास लागले त्यांना. पोचले तेव्हा सात वाजत आले होते. म्हणाले, दोन तासांत दोन होतील.

मी एकदा मध्येच हिशेब करून दाखवला, की या गतीने तीस जूनपर्यंत एकशे नव्वदच्या पुढे जात नाही आणि जुन्या दोनशे चौदाची बरोबरी होत नाही. तेवढ्यावर प्रबंध बांधता येईल, असं माझं मत होतं. सरांनी कागद नीट वाचला, हिशेब बरोबर असल्याचं सांगितलं, आणि खिशात घातला.

"एकशे नव्वदवर थांबलो तं बाकीच्यायनं काय सांगितलं असतं ते कसं कळन?"

तीस जूनला रजिस्टरमध्ये एकशे सत्याऐंशी तारा होत्या. नोंदणी त्या दिवशी संपली. सरांनी त्या दिवशीही पहाटे दोन तारा लावल्या. एक लागली, एक बसली.

काम ऑगस्टच्या चोवीस तारखेला, काढून ठेवलेलं पीक संपलं तेव्हा, पुरं झालं. एकूण दोनशे त्रेसष्ट तारा. त्यांपैकी पंचाहत्तर एक ग्रॅमच्या आत बसलेल्या. उडालेल्या, हरवलेल्या अकरा वेगळ्या. सगळ्यांची सरासरी काढली तेव्हा ती साध्या तांब्याच्या चार पट आली. सव्वापाच गेला. मी तो आकडा तीनदा तपासला, कारण तो वाढावा अशी माझी इच्छा होती. सरांनी त्याच्याकडे फार वेळ पाहिलंच नाही. ते पंचाहत्तर काचपट्ट्या ओळीने मांडून एकेक सूक्ष्मदर्शकाखाली घालत होते. तीन दिवस ते काम चाललं. अठ्ठावन्न तारांवर घसरलेली रेघ जिथून निघाली होती तिथे बारीकशी खाच किंवा ओरखडा होता. बहुतेक ठिकाणी तो आमच्याच चिमट्याचा होता. सतरा तारा मात्र बाहेरून अगदी निर्दोष दिसत होत्या आणि तरीही अर्ध्या ग्रॅमला बसल्या होत्या. त्यांच्याबद्दल सरांना काही सांगता आलं नाही, आणि प्रबंधात त्यांनी तसंच लिहिलं: कारण कळलेलं नाही. बसलेल्या तारांवरचं प्रकरण सहावं होतं. पुढे परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले असं ऐकलं.

पदवी त्यांना मिळाली. पण निवृत्तीनंतर अकरा महिन्यांनी, म्हणजे तिचा नोकरीत काही उपयोग झाला नाही. दारावरच्या पाटीवर नावाआधी 'डॉ.' लावायला त्यांनी नकार दिला. काकूंनी पेढे वाटले तेव्हा एका शेजाऱ्याने विचारलं, की आता इंजेक्शन वगैरे देता येईल का. सर म्हणाले, येईल, पण फार बारीक सुई लागेल.

मधली एक गोष्ट राहिली. नोंदणी संपलेली असल्यामुळे प्रबंध दाखल करायचा तर ती नव्याने करावी लागणार होती. त्यासाठी अर्ज, मार्गदर्शकांचं पत्र, विलंबाचं कारण आणि एकशे वीस रुपये शुल्क. विलंबाचं कारण सरांनी स्वतः लिहिलं होतं: 'आधीच्या नोंदी अपुऱ्या असल्याने चाचण्या पुन्हा कराव्या लागल्या.' कोणामुळे अपुऱ्या, ते नव्हतं.

सप्टेंबरच्या नऊ तारखेला, सोमवारी, आम्ही दोघे विद्यापीठाच्या शुल्क-खिडकीसमोर रांगेत उभे होतो. मी खिशात एकशे वीस रुपये घेऊन आलो होतो. रांगेत आमच्यापुढे दोनच माणसं उरली तेव्हा मी ते सरांच्या हातात द्यायला काढले. म्हणालो, की हे माझ्यामुळे झालं, हे मला भरू द्या.

त्यांनी नोटा पाहिल्या. घेणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण त्यांनी माझ्या हातातून साठ रुपये मोजून घेतले, उरलेले साठ माझ्या शर्टाच्या खिशात परत घातले, आणि आपल्या पाकिटातून साठ काढले.

"तू लेहलं नाही. मी विचारलं नाही," ते म्हणाले. "बरोब्बर अर्धं अर्धं होते."

खिडकीतल्या बाबूंनी पावतीवर कोणाचं नाव घालायचं ते विचारलं. सरांनी दोघांची नावं सांगितली. बाबू म्हणाले, एका नोंदणीला एकच नाव. सर म्हणाले, मग उमेदवाराचं नाव घाला, पण मागच्या बाजूला लिहा, साठ रुपये यांच्याकडून. बाबूंनी आमच्या दोघांकडे पाहिलं, मागे रांग होती, त्यांनी पावती उलटी केली आणि लिहून दिलं.

नव्या नोंदणीचं शुल्क एकूण एकशे वीस रुपये. साठ सरांचे, साठ माझे. भरले विद्यापीठाला.